स्वस्त वीज : 1943 चा विचार आणि आजचे 30 युनिट

गरिबाला वीजबिलात सवलत मिळाली, की लगेच 'फुकटे' म्हणून हिणवले जाते. ते मुकाट्याने ऐकून घेणाऱ्या आपल्या तरुणांनी हा इतिहास माहीत करून घ्यावा.

1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. वीजही त्यांच्याच खात्याकडे होती. 25 ऑक्टोबर 1943 रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी मांडले, की औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्य हटणार नाही आणि स्वस्त, मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही. स्वस्त वीज ही त्यांच्या लेखी राज्याची जबाबदारी होती.

14 एप्रिल 2021 पासून महावितरणने बाबासाहेबांच्या नावाने जीवनप्रकाश योजना राबवली. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना 500 रुपये अनामत भरून, तीही पाच हप्त्यांत, जोडणी मिळाली. पण दर महिन्याच्या बिलाचे काय?

दारिद्र्यरेषेखालील सवलतीचा दर महिन्याला सरासरी 30 युनिटपुरताच आहे. नंदनवनमध्ये बसून आम्ही साधा हिशेब मांडतो : 75 वॅटचा एक पंखा रोज 12 तास चालला, की महिन्याला 27 युनिट होतात. 200 वॅटचा कूलर आठ तास चालवला, तर आणखी 48. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा कूलर ही चैन कशी? कोराडी-खापरखेड्याची राख आमच्या जिल्ह्यात, आणि सवलत मात्र एका पंख्याइतकी!

विदर्भात उन्हाळ्यापुरती तरी ही मर्यादा वाढवा, ही मागणी घेऊन वस्तीवस्तीत बोलले पाहिजे. योजनेला बाबासाहेबांचे नाव दिले. आता त्यांचा विचारही राबवा.

जयभीम!