घरातले इंटरनेट : पुण्याची हकिकत

इंटरनेट हा शब्द आता खेड्यापाड्यांतही कुणाला नवा राहिलेला नाही. सातबाराचा उतारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचा अर्ज, बारावीचा निकाल, सारे त्याच वाटेने येते. हातातल्या मोबाइलवर ते आले म्हणजे घरात आले, असे आपण धरून चालतो. परंतु तारेने घरात येणारे, सबंध कुटुंबाला पुरेल असे इंटरनेट अजून थोड्याच घरांत आहे. २०२४ साली देशात ब्रॉडबँडच्या जोडण्या नव्वद कोटींहून अधिक होत्या; त्यांतल्या तारेच्या जेमतेम चार कोटी. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर पुण्यात ही तार कशी आली आणि काय भावाने आली, ते पाहावे लागेल.

सुरुवात मात्र रेडिओपासून करतो. कारण हाच प्रश्न पुण्याने एकदा आधी पाहिला आहे.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्या काळी स्वतःचा रेडिओ बाळगणे ही लहानसहान बाब नव्हती. यंत्राची किंमत, विजेची नाहीतर बॅटरीची सोय, आणि वर दरसाल लायसन्स. १९२७ साली मुंबईहून नियमित प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा या लायसन्सला वर्षाला १० रुपये पडत. मग शेतकऱ्याने ऐकायचे कसे? १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, असे एकंदर २० कार्यक्रम. वीसएक माणसे एका रेडिओभोवती बसत, ऐकत, वाद घालत, आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. त्या शंकांना पुढच्या कार्यक्रमांत उत्तरे मिळत.

या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली आणि पॉल न्यूरथ यांनी तिचा अहवाल लिहिला. त्यांनी तीन तऱ्हेची गावे ताडून पाहिली : मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली, आणि रेडिओच नसलेली. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढली. नुसता रेडिओ होता तिथे फार थोडी. म्हणजे बघा, यंत्र गावात आले एवढ्याने भागले नव्हते. ते कुणाच्या ताब्यात आहे, किती वेळ ऐकायला मिळते, आणि ऐकल्यावर बोलायला कोण आहे, यावर सगळे होते.

आता इंटरनेटकडे येऊ. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते आपल्याकडे आले ते विद्यापीठे आणि संशोधन संस्थांपुरते. सर्वसामान्यांसाठी ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे खुले केले, आणि त्यानंतर पुणे, बंगळूरकडे. दर ऐकण्यासारखे आहेत. पूर्ण जोडणी हवी तर खाजगी माणसाला २५० तासांचे १५,००० रुपये. नुसती अक्षरे दाखवणारी जोडणी ५,००० रुपयांत, विद्यार्थ्याला तीच ५०० रुपयांत. आता हिशेब करा. १५,००० ला २५० ने भागले की तासाला ६० रुपये पडतात. हे तास वर्षभर पुरवायचे तर दिवसाला ४१ मिनिटे! टेलिफोनच्या कॉलचे पैसे वेगळेच, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. वेग सेकंदाला ९,६०० बिट; त्या वेगाने आजच्या मोबाइलवरचा ३ मेगाबाइटचा एक फोटो उतरवायला पाऊण तास लागला असता. शिवाय ज्याच्याकडे टेलिफोन, त्यालाच हे सगळे. आणि टेलिफोनसाठी माणसे वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसलेली होती.

१९९८ साली खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली, दर उतरले, आणि पेठांतून, कॉलेजांच्या आसपास सायबर कॅफे निघाले. तासावर पैसे, फळ्यांच्या आडोशात संगणक. टीका पुष्कळ झाली त्यांच्यावर. पण माझ्या मते शहरातल्या साध्या घरांतल्या मुलांना इंटरनेट दाखवले ते या दुकानांनीच. सार्वजनिक रेडिओचेच ते भावंड, फक्त इथे मंडळ नव्हते, गल्ला होता.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट हा किमान वेग ठरवला. (तो २०२३ मध्ये २ मेगाबिट झाला.) २००५ च्या जानेवारीत भारत संचार निगमने टेलिफोनच्याच तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड देण्यास प्रारंभ केला. थोड्याच काळात महिना २५० रुपयांची योजना निघाली. तीत ४०० मेगाबाइट मिळत, वर गेले तर जादा आकार. पुढे ५०० रुपयांच्या योजनेत रात्री २ ते सकाळी ८ वापर मोजला जाईनासा झाला. मग काय, घड्याळाला गजर लावून मध्यरात्री उठणारी मुले निघाली! दर माणसाला कसा वळवतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

तांब्याच्या तारेला एक मर्यादा होती. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरपलीकडे तिच्यावरून ब्रॉडबँड नीट चालत नसे. शहरात एक्स्चेंज जवळजवळ, म्हणून तिथे ते पसरले. शिवाय केबल टीव्हीवाल्याने गच्चीवरून गच्चीवर, झाडांवरून तारा टाकलेल्याच होत्या. त्याने त्यांवरून इंटरनेटही दिले. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीला एक तार आणली की खर्च चाळीसांत वाटला जातो. मुळशी-वेल्ह्याकडच्या विखुरलेल्या वस्तीला तीच तार नेली, तर तो दोन-तीन घरांवर पडतो. पुण्यातला माणूस हुशार आणि वाडीवरचा अडाणी, असे मुळीच नव्हे. तारेची लांबी आणि वाटेकरी, एवढाच हा हिशेब आहे.

२०१६ नंतर मोबाइलचे इंटरनेट फारच स्वस्त झाले आणि हा प्रश्न सुटला असे वाटू लागले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो पुन्हा दिसला. घरात मोबाइल एक, तो वडिलांबरोबर कामावर. मुले दोन, आणि वर्ग एकाच वेळी. गुरुजी, तुम्ही हे माझ्यापेक्षा अधिक जवळून पाहिले आहे. त्या जुलैत पुण्याच्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाशी संबंधित संस्थेने सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू केली. इंटरनेटच्या जमान्यात शाळा पोचवायला पुन्हा प्रक्षेपणाचाच आधार घ्यावा लागला.

खेड्यांसाठी सरकारने २०११ मध्ये देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. दोन लाखांवर पंचायतींत ती पोचली असे सरकारी आकडे सांगतात, आणि २०२३ मध्ये तिच्यासाठी आणखी १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले. पण पंचायतीच्या कचेरीतली पेटी म्हणजे घर नव्हे. कचेरी संध्याकाळी बंद होते, आणि मुलांच्या अभ्यासाची वेळ तर तीच. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने आणखी एक वाट मोकळी केली, पीएम-वाणी नावाची. तिच्यात किराणा दुकानदार किंवा चहावाला घरची तार घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना थोड्या पैशांत वायफाय देऊ शकतो; त्यासाठी लायसन्स वा फी लागत नाही. तुमच्या गावात पंचायतीपर्यंत तार आली आहे का, आली असल्यास ती पेटी चालू आहे का, आणि संध्याकाळी सातनंतर तिच्याजवळ कुणाला बसता येते, हे पुढच्या ग्रामसभेत विचारण्यासारखे आहे.