रयतेची शाळा व सरकारचे अनुदान

वाई क्षेत्री कृष्णामाईच्या तीरावर उभे राहिले म्हणजे पहिल्याने दृष्टीस पडतात ते घाट आणि रास्त्यांनी १७६२ साली बांधविलेले ढोल्या गणपतीचे मंदिर. सरदाराने द्रव्य खर्चावे आणि प्रजेने त्याचा उपभोग घ्यावा, ही त्या काळची लोकोपयोगी कामांची रीत. घाट बांधताना रयतेला कोणी विचारले नाही व विचारावयाचे कारणही नव्हते. शाळेचे तसे नाही. शाळा एकट्या सरकारने काढून चालत नाही. गावाला ती आपली वाटावी लागते. ही गोष्ट आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचे सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे मिळून होणाऱ्या मुलखात, प्रत्यक्ष घडून आली.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे आला खरा. परंतु बोर्डांची तिजोरी रिकामी. मोठ्या गावांना शाळा मिळाली, वाड्यावस्त्या कोरड्याच राहिल्या. १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. खाजगी संस्थेने खेड्यात शाळा चालवावी व सरकारने तिला अनुदान द्यावे, अशी योजना त्यांनी आखली. योजना कागदावर पुष्कळ असतात. ही उचलून धरणारा माणूस साताऱ्यास तयार होता.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली ती साताऱ्यास आणली. १९३५ साली त्यांनी शिक्षक तयार करणारे अध्यापन विद्यालयही काढले होते. म्हणून सरकारची हाक आली तेव्हा त्यांच्याजवळ शिक्षक होते. गावाने जागा द्यावयाची. ती बहुधा देवळाची ओसरी, धर्मशाळा किंवा चावडी असे. मास्तर संस्थेचा, अनुदान सरकारचे. एकच मास्तर चारी इयत्ता सांभाळी. एका इयत्तेस पाढे, दुसरीस शुद्धलेखन, तिसरीस कित्ता! ज्याने एकशिक्षकी शाळा चालविली आहे त्यालाच ही कसरत कळेल. अशा व्हॉलंटरी शाळांची संख्या पुढे ५७८ पर्यंत गेली.

हे सहकार्य नेहमीच गोडीगुलाबीचे होते असे मात्र कोणी समजू नये. १९४८ साली सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ थांबले होते. अण्णांनी शाळा चालू ठेवल्या, लोकांनी मदत केली आणि अखेर अनुदान पुन्हा सुरू झाले. सरकारचे साहाय्य घ्यावे, पण मिंधे होऊ नये, हा त्यांचा बाणा होता. पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर या शाळा स्कूल बोर्डाकडे वर्ग झाल्या. काहींना याची हळहळ वाटली. मला वाटत नाही. जे काम सरकारचेच, ते करण्यास सरकार समर्थ होईपर्यंत रयतेने ते चालविले.

येथे ज्ञातिबांधवांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे पुस्तक आपल्या ज्ञातीचे आहे. परंतु अण्णांच्या शाळेने कोणाची ज्ञाती विचारली नाही. त्यांच्या ज्या वसतिगृहास महात्माजींच्या हस्ते १९२७ साली छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र रांधीत व एका पंगतीस जेवीत. आपल्या घरांतील पुष्कळांचे पहिले अक्षर अशा परक्या हातांनी गिरविले गेले आहे.

२०२३ साली सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार मांडला. डोंगराळ खोऱ्यातील वस्तीवर वीस मुले कोठून यावयाची? सहा वर्षांच्या मुलाने पावसाळ्यात ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जावयाचे, हे कागदावर सोपे दिसते. तेव्हा ज्यांच्या मूळ गावी अशी शाळा आहे, त्या कुटुंबांनी यंदाच्या वार्षिक सभेपूर्वी तिचा पट, मास्तरांची संख्या व इमारतीची स्थिती लिहून मंडळाकडे पाठवावी. घरातील जुन्या ट्रंकेत आजोबांचा व्हॉलंटरी शाळेचा दाखला असल्यास त्याची नक्कलही सोबत जोडावी.