ऋतुजा भोसले

ऋतुजा भोसले (जन्म २७ मार्च १९९६, श्रीरामपूर) या महाराष्ट्राच्या व्यावसायिक टेनिसपटू आहेत. अल्प बक्षिसे आणि प्रवासाचा न पेलणारा खर्च यांमुळे भारतीय मुलींची कारकीर्द बहुधा विशीतच खुंटते. भोसले यांनी अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठात शिक्षण घेत महाविद्यालयीन टेनिस खेळले व त्यानंतर व्यावसायिक स्पर्धांवर लक्ष केंद्रित केले. २०२० मध्ये दुबई येथे फेड करंडकाची प्ले-ऑफ फेरी प्रथमच गाठणाऱ्या भारतीय संघात सानिया मिर्झा व अंकिता रैना यांच्यासमवेत त्यांचा समावेश होता.

कारकिर्दीतील सर्वोच्च क्षण ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझो आशियाई क्रीडा स्पर्धेत आला. मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात ४३ वर्षीय रोहन बोपण्णा त्यांचे सहकारी होते. चिनी तैपेईच्या लियांग एन-शुओ व हुआंग त्सुंग-हाओ यांनी पहिला सेट ६-२ असा सहज जिंकला. बोपण्णांच्या अनुभवाची चर्चा पुष्कळ झाली; परंतु जोडीतील नवख्या खेळाडूने अशा पिछाडीनंतर सावरणे हेही तितकेच निर्णायक होते. भारतीय जोडीने दुसरा सेट ६-३ असा घेतला आणि निर्णायक सुपर टायब्रेक १०-४ असा जिंकला. त्या स्पर्धेत टेनिसमधील भारताचे हे एकमेव सुवर्णपदक होते.