सुट्टे आणायला गेलेला पाद्री

मागच्या पावसाळ्यात मामूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यांच्या टेम्पोच्या नंबरवर नो पार्किंगचे ई-चलान आले होते. रक्कम दीड हजार. आधी एकदा दंड भरलेला असल्याने यंत्रणेच्या लेखी हा दुसरा गुन्हा होता. लिंक उघडली तर फोटोत टेम्पोचे तोंड आणि नंबरप्लेट, बाकी काही नाही. त्या वेळी मागचा फाळका उघडा होता, हमाल साखरेची पोती उतरवत होते आणि मामू दुकानदाराची सही घेत होते. हे सगळे फोटोच्या चौकटीबाहेर राहिले.

“भर डाल बेटा, कोरट-कचेरी कौन करता?” मामू म्हणाले.

मीही भरायलाच बसलो होतो. पैसे भरायचे बटण समोरच होते. तक्रारीची जागा शोधायला मात्र पान तीनदा खालीवर करावे लागले. तेवढ्यात मामूंनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला गुलाबी कागद काढला. त्यावर दुकानदाराचा शिक्का, सही आणि माल उतरवल्याची वेळ होती. वाहतूकदार या कागदाला डिलिव्हरी चलान म्हणतात. म्हणजे मामूंच्या एका हातात एक चलान आणि दुसऱ्या हातात दुसरे.

शब्द एकच आहे, आणि त्यात बरेच काही दडलेले आहे. चलान म्हणजे चालते करणे, पाठवणे. माल पाठवताना सोबत जातो तो कागद चलान. हिंदी पट्ट्यातल्या कोर्टकचेरीत आजही पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले की ‘चलान पेश किया’ म्हणतात. आरोपीला न्यायाधीशासमोर रवाना केले, इतकाच त्याचा अर्थ. शिक्षा पुढे न्यायाधीशाने ठरवायची. रस्त्यावरच्या चलानाचाही मूळ अर्थ हाच होता. आपल्या बोलण्यात मात्र चलान म्हणजे थेट दंड झाला. आरोप आणि निकाल यांच्यात जी मोकळी जागा असते, ती या शब्दातून कधी गळून पडली ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

पार्किंगच्या इतिहासावर लिहिणारे बहुतेक जण सुरुवात असिरियाचा राजा सेनाखेरिब याच्यापासून करतात. निनेवे शहरात त्याने ‘नो पार्किंग’चे फलक लावले आणि मोडणाऱ्याला सुळावर चढवले, असे ते सांगतात. किस्सा रंगतदार आहे, पण शिलालेखातला हुकूम गाड्यांविषयी नाही. जुने घर पाडून नवे बांधताना ज्याचा पाया राजरस्त्यावर येईल, त्याला त्याच्याच घरावर सुळी द्यावे, असा तो आहे. आजच्या भाषेत अतिक्रमण विभागाचे काम, वाहतूक शाखेचे नव्हे.

खरा धागा १८१२ च्या लंडनमध्ये सापडतो. चेरिंग क्रॉसजवळ एका मालकाच्या घोडागाड्या प्रवाशांची वाट बघत पाऊण पाऊण तास उभ्या राहत. खटला झाला आणि लॉर्ड एलेनबरो या न्यायाधीशाने मालकाला दोषी ठरवले. त्याच्या निकालाचा मथितार्थ असा की, प्रवासी चढवण्या-उतरवण्यापुरती गाडी थांबवायला हरकत नाही, तेवढी लोकांची सोय झालीच पाहिजे. पण त्यासाठी लागतो तेवढाच वेळ. दोन फेऱ्यांच्या मधला काळ काढण्यासाठी मालकाने स्वतःची जागा बघावी, सरकारी रस्त्याची पागा करू नये. इथे गुन्हा गाडी उभी असण्यात नाही, गरजेपेक्षा जास्त उभी असण्यात आहे. आणि गरज किती होती, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

मुंबई पोलीस कायदा, १९५१, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्याचे कलम १०२ वाचताना मला एलेनबरोच आठवला. माल चढवण्या-उतरवण्यासाठी किंवा प्रवाशांसाठी लागेल त्यापेक्षा जास्त वेळ वाहन वा जनावर रस्त्यात उभे ठेवून अडथळा करू नये, रस्त्याचा थांबा करू नये, असे ते कलम सांगते. बैलगाडी, घोडागाडी, टेम्पो, सगळे त्यात बसतात. मामूंच्या गुलाबी कागदाला या कलमात मान आहे.

मोटारी आल्या आणि वेळ मोजण्याचे काम यंत्राकडे गेले. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत कार्ल मॅगी नावाचा वृत्तपत्राचा संपादक होता. न्यू मेक्सिकोत असताना टीपॉट डोम या गाजलेल्या तेल घोटाळ्याच्या उलगड्यात त्याचा हात होता. शहरातल्या दुकानांसमोरच्या जागा दुकानांत काम करणारेच सकाळपासून अडवून बसत आणि गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा मिळत नसे. त्यावर मॅगीने नाणे टाकून चालणारे घड्याळ सुचवले. राज्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अभियांत्रिकीच्या मंडळींनी त्याचे यंत्र तयार केले आणि १६ जुलै १९३५ रोजी जगातले पहिले पार्किंग मीटर तिथे उभे राहिले. तासाला पाच सेंट.

महिनाभरात पहिली अटक झाली. मीटरचा नियम मोडल्याबद्दल पकडला गेलेला पहिला माणूस एक पाद्री होता. न्यायाधीशासमोर त्याने सांगितले की, खिशात सुट्टे नव्हते म्हणून शेजारच्या किराणा दुकानात आणायला गेलो, परत येतो तर गाडीवर पावती लावलेली. न्यायाधीशाने त्याला सोडून दिले. मला या प्रसंगातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती त्याची सुटका नव्हे. पाच सेंटच्या प्रकरणात एक माणूस दुसऱ्या माणसासमोर उभा राहिला आणि मधल्या पाच-दहा मिनिटांत काय घडले ते त्याला सांगता आले.

मीटरविरुद्धची लढाई तिथेच थांबली नाही. ओक्लाहोमातच अटक झालेल्या एकाचे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९३७ मध्ये न्यायालयाने मीटर वैध ठरवले, पण कारण लक्षात घेण्याजोगे दिले: हा कर नसून वाहतुकीचे नियमन आहे. त्याच वर्षी अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने उलटा निर्णय दिला आणि बर्मिंगहॅम शहराचे मीटर बेकायदा ठरवले. पुढे मीटर जगभर गेले. पण ‘रस्ता मोकळा करायचा आहे की तिजोरी भरायची आहे’ हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक गावात विचारला जातो. आपल्याकडे टोइंगच्या गाडीमागे धावणारा माणूसही वेगळ्या शब्दांत तोच प्रश्न ओरडत असतो.

लंडनमध्ये मीटर आले जुलै १९५८ मध्ये, ग्रोव्हनर चौकात. १९६० मध्ये ठरावीक दंडाची पद्धत आली आणि १९ सप्टेंबरला ट्रॅफिक वॉर्डन नावाचे नवे कर्मचारी रस्त्यावर उतरले. पहिल्याच दिवशी त्यांनी ३४४ पावत्या लावल्या. त्यातली पहिली एका डॉक्टरच्या गाडीवर होती. एका हॉटेलात माणसाला हृदयविकाराचा झटका आला होता आणि डॉक्टर त्याच्यावर उपचार करत होता. वर्तमानपत्रांनी गदारोळ केला आणि डॉक्टरचा दोन पौंडांचा दंड माफ झाला. पाद्रीला न्यायाधीश भेटला, डॉक्टरला वर्तमानपत्रे भेटली. उरलेल्या ३४३ जणांकडे सांगण्यासारखे काय होते, ते मात्र इतिहासात कुठे नोंदलेले नाही.

ठरावीक दंड ही खरे तर सोय होती. ठरलेली रक्कम भरा, कोर्टात यायची गरज नाही. कोर्टाचा वेळ वाचला, लोकांचाही वाचला. न्यूयॉर्कने १९७० मध्ये पार्किंगची प्रकरणे फौजदारी न्यायालयातून काढून वेगळ्या कार्यालयाकडे दिली. ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने पार्किंगला गुन्ह्यांच्या यादीतून बाहेर काढण्याची वाट मोकळी केली. तिथे दंड लावणारी नगरपालिका आणि अपील ऐकणारा निवाडा अधिकारी वेगवेगळे आहेत, आणि आधी दंड भरा मग बोला अशी अट नाही. आपल्याकडे सोय आली. असा स्वतंत्र ऐकणारा आला नाही.

भारतात १९१४ चा, मग १९३९ चा आणि नंतर १९८८ चा मोटार वाहन कायदा आला. सध्याच्या कायद्याचे कलम १२२ अडथळा किंवा धोका होईल अशा जागी वाहन सोडण्याविषयी आहे, कलम १२७ गाडी उचलून नेण्याविषयी आणि कलम १७७ किरकोळ दंडाविषयी. या शेवटच्या कलमात पूर्वी पहिल्या वेळी शंभरपर्यंत आणि पुढच्या वेळी तीनशेपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचशे आणि दीड हजार झाला. पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे कलम २०० आहे आणि त्याच्याविषयी कुणी बोलत नाही. त्यात तडजोड शुल्काची तरतूद आहे. हवालदाराच्या हातातल्या यंत्रावर किंवा मोबाइलवर आपण जे भरतो, ते हे शुल्क असते. तडजोड म्हटली की दोन पक्ष आले, आणि दोन्हींची राजीखुशी आली. मला मान्य नाही असे म्हणण्याचा हक्क या कलमातच आहे. तसे म्हटले की प्रकरण दंडाधिकाऱ्यांकडे जाते आणि गुन्हा घडला हे सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांवर येते.

मुंबईत जानेवारी २०१७ मध्ये ई-चलान सुरू झाले, मग ते राज्यभर पसरले. पावतीपुस्तक होते तेव्हा निदान हुज्जत घालता येत होती. त्या हुज्जतीत चिरीमिरीही चालायची, हे नाकारून चालणार नाही, आणि ती बंद झाली हे चांगलेच झाले. पण तिच्यासोबत ‘साहेब, पाटी झाडामागं आहे, तुम्हीच बघा’ हे वाक्यही गेले. आता चालक तिथून निघून गेल्यावर मालकाच्या मोबाइलवर फोटो येतो.

म्हणून लढाई फोटोपासूनच सुरू करावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. त्यानुसार कॅमेऱ्याच्या पुराव्यावर काढलेल्या चलानात गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, जागा आणि मोडलेले कलम हवे. नोटीस पंधरा दिवसांत पोहोचायला हवी. उपकरण प्रमाणित हवे. महाराष्ट्रात वाहतूक पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान पाठवण्यावर २०२५ मध्ये वरिष्ठांनी बंदी आणली, ती याच तक्रारी वाढल्यामुळे. तेव्हा पहिले काम, फोटो उतरवून ठेवणे. दुसरे, त्याच दिवशी परत जाऊन पाटीचा फोटो काढणे. लाल काठाच्या निळ्या चकतीवर तिरकी लाल रेघ एकच असेल तर पार्किंगला मनाई. दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाही मनाई. मामूंच्या रस्त्यावर एक रेघ होती. एका रेघेच्या पाटीखाली माल उतरवत थांबलेल्याला निदान एलेनबरोचा युक्तिवाद करता येतो. फुलीखाली तोही अवघड.

तिसरे, राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा ‘महाट्रॅफिक’ अ‍ॅपवर पुराव्यासह तक्रार टाकणे. ती फेटाळली तरी पैसे भरू नयेत, कारण भरले की तडजोड झाली आणि प्रकरण मिटले. प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात गेले तर तिथेही दंड भरण्याचा आणि खटला लढण्याचा, असे दोन पर्याय येतात. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नये, पण तिचे स्वरूप ओळखावे. लोकअदालत समेट घडवते, खरेखोटे ठरवत नाही. थकलेल्या पाच-सहा चलानांचा बोजा कमी करायचा असेल तर ती उत्तम. आपण निर्दोष आहोत असे म्हणायचे असेल तर तिथे नम्रपणे नकार देऊन नियमित न्यायालय मागावे. जुन्या चलानांबाबत आणखी एक मुद्दा आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये हे होते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. संकेतस्थळावर मात्र चलान वर्षानुवर्षे लाल अक्षरांत दिसत राहते. न्यायालय योग्य कारणासाठी विलंब माफही करू शकते, म्हणून या मुद्द्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

हे सगळे मामूंना समजावले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “एक तारखेला कितने दिन जाते?” माझ्याकडे उत्तर नव्हते. टेम्पो एक दिवस उभा राहिला की दीड हजारापेक्षा जास्त बुडतात, हा हिशोब त्यांनीच मला सांगितला. चूक केली असती तर ते आधीसारखे मुकाट्याने भरून मोकळे झाले असते. या खेपेला माल उतरवत होतो, हे त्यांच्या मनातून जाईना.

आम्ही तक्रार टाकली. डिलिव्हरी चलान जोडले, पाटीचा फोटो जोडला, दुकानदाराचे दोन ओळींचे लेखी निवेदन जोडले. उत्तर आले, ‘चलान योग्य आहे.’ कारण दिलेले नव्हते. पुढे लोकअदालतीची नोटीस आली, तिथे मामूंनी समेटाला नकार दिला. न्यायालयाची तारीख अजून लागलेली नाही. गुलाबी कागदावरची कार्बनची अक्षरे फिकट व्हायला लागली होती, म्हणून मामूंनी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक घरी आहे, एक टेम्पोत, एक माझ्याकडे.