मांजराचें दार

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत एक्झेटर नांवाचें जुनें शहर आहे. तेथील कॅथीड्रलच्या उत्तरेकडील अंगास एक मोठें घड्याळ असून त्याच्या खालीं एक लहानसें लांकडी दार आहे. घड्याळाची तबकडी पंधराव्या शतकांतील. पृथ्वी मध्यभागीं स्थिर आणि सूर्यचंद्र तिच्याभोंवतीं फिरत आहेत अशी. येणारे प्रवासी माना उंच करून ती पाहतात आणि पुढें जातात. दाराच्या तळाशीं एक वाटोळें भोंक आहे, तें पाहण्यासाठीं मात्र मान खालीं घालावी लागते.

त्या भोंकाची हकीगत कॅथीड्रलच्या हिशेबांत सांपडते. इ. स. १३०५ पासून १४६७ पर्यंतच्या जमाखर्चांत रखवालदारांच्या जोडीला मांजराच्या नांवें खर्च पडलेला आहे. प्रमाण आठवड्याला १ पेनी, म्हणजे तिमाहीस १३ पेन्स. मांजर सही करून पगार उचलीत नसणार हें उघड आहे. नुसत्या उंदरांवर त्याचें पोट भरत नसे, म्हणून वरखाण्याची ही तरतूद असावी. पुढें १५९८ सालीं सुतारांना ८ पेन्स देऊन दारांत भोंक पाडून घेतल्याची नोंद येते. त्याच सालीं विल्यम कॉटन हे तेथील बिशप झाले, आणि भोंक त्यांच्याच मांजरासाठीं पाडलें गेलें, असें परंपरा सांगते. घड्याळाच्या चाकांना त्या काळीं जनावरांची चरबी लावीत. चरबीच्या वासानें उंदीर येत आणि उंदरांच्या मागें मांजर जाई.

माझ्या मनांत भरली ती गोष्ट निराळीच. हें नुसतें भोंक आहे. बिशपांच्या मांजराला जेवढी वाट मोकळी, तेवढीच एक्झेटरमधल्या यच्चयावत् मांजरांना मोकळी. आणि त्यांत बिघडण्यासारखें कोणाचें कांहीं नव्हतें. उंदीर मेल्याशीं काम. तो कोणाच्या मांजरानें मारला हें विचारतो कोण?

हा विचार मला त्या दिवशीं सुचला याला कारण माझी भाची. ती गेलीं बारा वर्षें इंग्लंडांत राहते. तिच्या घरीं पोंचलों त्या पहिल्याच रात्रीं स्वयंपाकघरांत कांहींतरी खडखडलें म्हणून मी उठून गेलों, तों एक थोराड पिवळा बोका ताटलींत तोंड घालून बसलेला. त्यानें माझ्याकडे एकवार पाहिलें, राहिलेलें खाणें संपविलें आणि मागल्या दारांतील झडप डोक्यानें ढकलून तो सावकाश बाहेर पडला. सकाळीं मीं ही गोष्ट हंसत हंसत सांगितली. भाची हंसली नाहीं.

"मामा, तो शेजारचा. रोज येतो. आमची मनी आतां कपाटावरून खालींच उतरत नाहीं."

मनीला त्या महिन्यांत दोनदां जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावें लागलें होतें. तिला लघवीला त्रास होत होता, ती वेदनेनें ओरडे, आणि भलत्याच ठिकाणीं, पलंगावरसुद्धां, घाण करी. डॉक्टरांनीं औषध दिलें. पण त्यांचा पहिला प्रश्न खाण्याविषयीं नव्हता. तुमच्या दाराला झडप आहे काय, आणि तिच्यांतून कोण येतें, असें त्यांनीं विचारलें. कांहीं सांपडण्याजोगें कारण नसतांना मूत्राशयाला येणारी सूज मांजरांत फार आढळते, आणि मनावरचा ताण हें तिच्या कारणांपैकीं एक समजलें जातें. जेथें आपण जेवतों आणि निजतों त्या जागीं केव्हांहि परका येईल, ही धास्ती त्या मुक्या प्राण्याच्या शरीरांत उतरली होती.

जुन्या युरोपांत मांजराचें भोंक ही कांहीं बिशपांचीच मिरास नव्हती. स्पेनमधील खेड्यांच्या जुन्या दारांत अशीं भोंकें असतात. त्यांना 'गातेरा' म्हणतात. फ्रेंच भाषेंत 'शातिएर' हा शब्द आहे. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्यें, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस, गिरणीवाल्यानें सांगितलेल्या गोष्टींत ऑक्सफर्डच्या एका सुताराचा नोकर खोलींत कोंडून घेतलेल्या विद्यार्थ्याचा तपास करूं लागतो. हाका मारून उत्तर येत नाहीं, तेव्हां तो फळीच्या तळाशीं मांजराच्या येण्याजाण्याचें जें भोंक असतें त्याला डोळा लावतो. कवि त्या भोंकाबद्दल अधिक कांहीं सांगत नाहीं; श्रोत्यांच्या घरोघर तें असणारच.

त्या काळीं मांजराची किंमत त्याच्या कामावरून ठरे. वेल्समधील राजा हवेल हा दहाव्या शतकांतला. त्याच्या नांवावर चालत आलेल्या कायद्यांत डोळे न उघडलेल्या पिलाची किंमत १ पेनी, डोळे उघडल्यापासून पहिला उंदीर मारीपर्यंत २ पेन्स आणि त्यानंतर ४ पेन्स अशी सांगितली आहे. मांजराला कान असावे, डोळे असावे, नखें शाबूत असावीं, त्यानें उंदीर मारावे आणि आपलीं पिलें खाऊं नयेत. यांत उणें निघाल्यास एकतृतीयांश किंमत परत. आपल्याकडे बैल पारखतांना दांत पाहतात, तसाच हा रोकडा व्यवहार.

भोंकांचा विषय निघाला म्हणजे न्यूटनची आठवण कोणीतरी काढतोच. मोठ्या मांजरासाठीं मोठें भोंक आणि पिलासाठीं वेगळें लहान भोंक पाडणारा तो विसराळू तत्त्वज्ञ आपल्याकडील शाळकरी मुलांनाहि ठाऊक आहे. केंब्रिजच्या आठवणींच्या १८२७ सालच्या एका पुस्तकांत तर, न्यूटनच्या खोलीच्या दारांत बुजविलेलीं दोन भोंकें अजून आहेत, असें लिहिलें आहे. परंतु त्याच्याजवळ सुमारें पांच वर्षें राहिलेला हंफ्री न्यूटन नांवाचा लेखनिक, त्यानें खोलींत कुत्रें पाळलें नव्हतें कीं मांजर पाळलें नव्हतें, असें सांगतो. तेव्हां तीं भोंकें कोणाचीं, हें त्या मांजरांनाच ठाऊक.

मग हें मोकळें भोंक लोकांना सलूं कधीं लागलें? माझ्या समजुतीप्रमाणें मांजराला घरांत ताटली मिळाली तेव्हांपासून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या गल्ल्यांतून मांजरांसाठीं घोड्याचें मांस विकणारे फेरीवाले हिंडत. हेन्री मेह्यू यानें लंडनच्या कष्टकऱ्यांवरील आपल्या ग्रंथांत त्यांची हकीगत दिली आहे. घरधनीण पैसे मोजून मांजराचा घांस विकत घेऊं लागली. १८७१ सालच्या जुलैच्या १३ तारखेस हॅरिसन विअर यानें क्रिस्टल पॅलेसमध्यें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरविलें. तेथें मांजरांना बक्षिसें मिळालीं. कोठारांतला नोकर घरांतलें मूल झाला. आतां शेजारचें मांजर उंदीर मारावयास येत नव्हतें. तें ताटलीवर येत होतें. त्याला चोर हें नांव पडलें तें तेव्हां.

अमेरिकेनें या अडचणींतून दुसरीच वाट काढली. १९४७ सालीं एडवर्ड लो यानें मिशिगनमध्यें मांजराच्या शौचासाठीं शोषक माती विकण्यास आरंभ केला, आणि मांजराला जन्मभर घरांत ठेवणें सोपें झालें. इंग्रजाला हें फारसें रुचलें नाहीं. मांजरानें बाहेर हिंडून यावें हा तो त्याचा हक्कच समजतो. आणि बाहेर जाण्याचा हक्क मान्य केला कीं दारांत भोंक आलें, आणि भोंक आलें कीं शेजारी आला.

मांजराच्या स्वभावाचाहि येथें विचार केला पाहिजे. कुत्र्याचे पूर्वज कळपानें राहणारे. मांजराचा रानटी पूर्वज एकटा शिकार करणारा. मांजरांमध्यें भांडण मिटविण्याची रीत तोकडी, म्हणून तीं भांडण टाळण्यावर भर देतात. पाऊल लायहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं एकाच वाटेवरून जाणारीं मांजरें वेळा वांटून घेतात. सकाळीं एक, दुपारीं दुसरें. २०१३ सालीं सरे परगण्यांतील शॅमली ग्रीन या खेड्यांतल्या ५० मांजरांच्या गळ्यांत यंत्रें बांधून बी. बी. सी.नें त्यांच्या फेऱ्या टिपल्या. मालक समजत होते कीं मांजर बागेंत आहे; प्रत्यक्षांत कांहीं मांजरें दुसऱ्याच्या झडपेंतून शिरून तेथलें अन्न खातांना आढळलीं. रस्ता वांटून घेतां येतो, पण चूल वांटून घेण्याची त्यांच्यांत पद्धत नाहीं. पळावयास जागा नसलेल्या स्वयंपाकघरांत दोन बोके समोरासमोर आले म्हणजे चावे होतात, चाव्यांतून गळवें होतात, आणि १९८६ सालीं कॅलिफोर्नियांत प्रथम ओळखला गेलेला, मांजराची प्रतिकारशक्ति खाणारा विषाणुहि मुख्यतः चाव्यांतूनच पसरतो.

अशा वेळीं माणूस कायद्याकडे पाहतो. पण इंग्रजी कायदा मांजराला धरूं शकत नाहीं. १९२६ सालच्या 'बकल विरुद्ध होम्स' या खटल्यांत एकाच्या मांजरानें शेजाऱ्याच्या आवारांत जाऊन १३ कबुतरें आणि २ बँटम कोंबड्या मारल्या होत्या. अपिलाच्या कोर्टानें ठरविलें कीं मांजर आपल्या जातीच्या स्वभावाला धरून वागलें. मालक जबाबदार नाहीं. उलट २०२४ सालीं तेथें पाळीव जनावरें पळविण्याविरुद्ध नवा कायदा झाला आणि दुसऱ्याच्या मांजराला पळविणें किंवा फूस लावून नेणें हा स्वतंत्र गुन्हा ठरला. म्हणजे बोका आपण होऊन आला तर निर्दोष, आणि आपण त्याला फूस लावून नेला तर दोषी आपण! शेजारणीकडे जाऊन भाचीनें तक्रार केली होती. बाई वृद्ध, एकट्या आणि सुस्वभावी. तो पहिल्यापासूनच लोकांकडे जाणारा आहे, असें त्यांनीं कौतुकानें सांगितलें आणि चहा पाजून हिला परत पाठविलें.

आमच्या लहानपणीं वाड्याचीं दारें दिवसभर उघडीं असत, त्यामुळें मांजरासाठीं भोंक पाडण्याची कल्पना कोणाला सुचलीच नसती. बंदोबस्त असे तो दुधाचा. दूध शिंक्यावर, नाहींतर जाळीच्या कपाटांत. शिंक्याचें तुटलें आणि बोक्याचें साधलें, या म्हणींत दोष शिंक्याच्या दोरीला आहे. बोक्याला घरांत कोणीं येऊं दिलें, असा प्रश्न म्हणीला पडत नाहीं. इंग्रजाच्या घरांत थंडी दाराबाहेर ठेवावी लागते, म्हणून दार बंद, म्हणून भोंक, म्हणून भोंकाला झडप, आणि मग झडपेला कुलूप.

त्या कुलपाचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. आधीं साधी खिटी: रात्रीं लावावयाची, सकाळीं काढावयाची, विसरलें तर आपलेंच मांजर बाहेर. मग गळपट्ट्याला लोहचुंबक बांधूं लागले. तें जवळ आलें कीं झडपेची कडी सुटे. पण चुंबक कोणत्याहि मांजराच्या गळ्यांत असूं शकतें, शिवाय वाटेंतले खिळे आणि टांचण्या चिकटून मांजर घरीं येई, आणि गळपट्टा कुंपणांत अडकून हरवला कीं सगळेंच संपलें. २००८ च्या सुमारास केंब्रिजच्याच निक हिल या भौतिकशास्त्रज्ञानें मांजराच्या कातडीखालची चिप वाचणारी झडप बाजारांत आणली. न्यूटनच्या दंतकथेच्या गांवीं ही युक्ति निघावी, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. चिप तांदळाच्या दाण्याएवढी, सुमारें १२ मिलिमीटर लांबीची. तिला स्वतःची वीज नसते. झडपेच्या चौकटींतील तारेच्या वेटोळ्यांतून १३४·२ किलोहर्ट्झच्या लहरी निघतात, त्यांच्या बळावर चिप जागी होऊन आपला १५ आंकडी क्रमांक सांगते, आणि तो ओळखीचा असला तरच कडी मागें सरते. हरवलेलें मांजर ओळखतां यावें म्हणून ही चिप निघाली. इंग्लंडांत २०२४ च्या जूनच्या १० तारखेपासून पाळलेल्या मांजराला ती सक्तीची आहे. क्रमांक मुळांत सांपडण्यासाठीं होता, तो आतां अडविण्यासाठींहि उपयोगी पडतो.

भाचीनें ती झडप बसविली तेव्हां मी तेथेंच होतों. मनीला शिकवावयास दोन दिवस लागले. कडी सरकल्याचा टक्क आवाज ऐकून ती प्रथम दचके. तिसऱ्या रात्रीं अकराच्या सुमारास बोका आला. त्यानें नेहमींप्रमाणें डोकें लावलें. टक्क झालें नाहीं. त्यानें पुन्हां डोकें लावलें, मग पंजा घालून झडप नखानें बाहेरच्या बाजूस ओढून पाहिली. हा डाव कांहीं बोक्यांना साधतो आणि जुन्या झडपा त्याला फसत. ही फसली नाहीं. तेव्हां तो पायरीवर बसून राहिला. पाऊस पडत होता. मनी कपाटावरून उतरून खुर्चीपर्यंत आली आणि झडपेच्या पारदर्शक पाकळींतून त्याच्याकडे पाहत राहिली. ती इतक्या खालीं मला प्रथमच दिसली.

"मामा, त्याला थोडें बाहेर ठेवूं का?" भाचीनें विचारलें. तिच्या हातांत ताटली होती.

"येथें नको, मनीच्या दारांत," मी म्हणालों. "पुढल्या अंगाला ठेव. आणि सकाळीं त्या बाईंना सांगून ये."