सुटा खांब आणि उभे घर

घर विकायला काढताना आतल्या कामावर किती खर्च करावा आणि त्यातला किती दरात परत येईल, हा हिशेब आज पुण्या-मुंबईत प्रत्येक जण करतो. हा हिशेब नेहमीच होता असे नाही. तो कधी सुरू झाला आणि त्यात काय गेले, हे पाहायला कुंभकोणमसारखे गाव नाही.

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमधले हे देवळांचे गाव. देवळांभोवतीच्या अग्रहारांतली जुनी घरे रस्त्यावर अरुंद आणि मागे खूप खोल. शेजारच्या घरांच्या भिंती एकमेकींना लागून, त्यामुळे बाजूला खिडकी काढायला वाव नाही. रस्त्यालगत तिण्णै, म्हणजे आपला ओटा. मग रेळी हा बोळ, मग कूडम म्हणजे माजघर, त्याला लागून मुट्रम हा उघडा चौक आणि शेवटी कोल्लै, म्हणजे परसू. उजेड, वारा, पावसाचे पाणी, सगळे त्या चौकातूनच आत येणार. चौक ही त्या घराची गरज होती, हौस नव्हे.

१६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि त्यांच्यामागे कारकून, शास्त्री, कीर्तनकार अशी मराठी माणसे या मुलखात आली. दप्तर मोडीत राहिले, पण राहणी बदलली. इथली मराठी कुटुंबे याच प्रकारच्या घरांत रुजली आणि घरात तंजावरी मराठी बोलत राहिली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले.

ही घरे विकण्यासाठी बांधलेली नव्हती. मिताक्षरा कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित घरात मुलाचा हक्क जन्मापासून. बापाला खरी गरज दाखवल्याशिवाय ते एकट्याने विकता येत नसे. मग गिऱ्हाइकाच्या आवडीचा विचार कोण करणार? कूडममध्ये लग्ने लागत, मुंजी होत, पाटझोपाळा टांगलेला असे. खांब किती जाड, दार किती कोरीव, हे व्याह्यांना दिसावे म्हणून असे. १८५२ नंतर खालचा ब्रह्मदेश इंग्रजांकडे गेला, तिथला साग मद्रास इलाख्यात येऊ लागला आणि ऐपतदारांच्या घरांत तो उभा राहिला. त्या खर्चाचा परतावा सोयरिकीत आणि पतीत मिळत होता.

मग शिक्षण आले. १८५४ साली सुरू झालेल्या सरकारी शाळेचे पुढे कॉलेज झाले. त्यातून शिकलेली मुले मद्रासला, मुंबईला, पुढे दिल्लीला आणि परदेशात गेली. माधवराव ज्या वाटेने गेले तिचा पुढे हमरस्ता झाला. मागे म्हातारी माणसे उरली, नंतर कुलूप, आणि नंतर वाटणी. या वाटणीपाशीच घराला पहिल्यांदा बाजारभाव लागला.

आणि तो एक नव्हता, दोन होते. पहिला जमिनीचा: सरकारी दर रस्त्यागणिक ठरतो, त्याला कोरीव दार दिसत नाही, आणि जुने बांधकाम म्हणजे घसारा. दुसरा लाकडाचा. चेट्टिनाडात हे आधीच घडले होते. ब्रह्मदेशातल्या सावकारीवर बांधलेले चेट्टियारांचे वाडे १९४२ च्या जपानी आक्रमणानंतर पोसवेनासे झाले. पुढे त्यांतले कितीतरी उतरवले गेले आणि कारैकुडीच्या जुन्या बाजारात खांब, दारे, आरसे, भांडी सुटी विकायला आली. घर उभे असताना ज्या खांबाला कोणी वेगळी किंमत देत नव्हते, तो आडवा होताच मोलाचा झाला.

कायद्यानेही नकळत तेच म्हटले आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या, इमारतीपासून सुट्या झालेल्या वस्तूचा मुद्दाम उल्लेख आहे. ती परदेशी नेता येत नाही, पण जिथून ती सुटली त्या साध्या राहत्या घराला असे संरक्षण आपोआप मिळत नाही. मराठी वाचकाला हे नवे नाही. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली, पुण्यातल्या वाड्यांची डागडुजी थांबली आणि शेवटी वाडा म्हणजे खालची जागा, एवढाच हिशेब उरला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आज पाहायचे तर केळकर संग्रहालयात जावे लागते.

काहींनी घर टिकवण्यासाठी नवी कामे केली. चौकावर स्लॅब टाकला, एक खोली वाढली. तिण्णै तोडून दुकान किंवा गाडीची जागा काढली. लाल फरशीवर चकचकीत टाइल बसली. चौरस फूट वाढले, पण माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागू लागला. असे घर घेणाऱ्याला ना जुने मिळते ना नवे. तो ते पाडायच्या हिशेबानेच घेतो. भाव वाढावा म्हणून केलेल्या कामाने घराचा भाव जमिनीच्या भावावर आणून ठेवला.

याला एक अपवाद सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर आहे. गणिती रामानुजन जिथे वाढले ते छोटे घर २००३ साली शास्त्र विद्यापीठाने स्मारक म्हणून जपले. तिण्णै, खिडकी, आतल्या खोल्या जागच्या जागी आहेत. त्यात भारी साग नाही की मोठे कोरीवकाम नाही. पण एखाद्या रस्त्यावरची सगळीच घरे कुणा रामानुजनच्या नावावर तगू शकत नाहीत.

उरलेल्यांसाठी गोष्ट साधी आहे. भाषांतर करताना एकेका शब्दाला प्रतिशब्द सापडतो, वाक्य मात्र पुन्हा उभे करावे लागते, घराचेही तसेच. कुणी राहायला, शाळा चालवायला, पाहुणे उतरवायला ते अख्खे घेणार असेल, तरच चौक, ओटा आणि खांब यांची बेरीज घराएवढी होते. म्हणून वाटणीच्या वेळी भावंडांनी दलालाच्याही आधी असा माणूस शोधावा, आणि तो मिळेपर्यंत निदान चौकावर स्लॅब टाकू नये.