प्रोलॉगमधली रिकामी जागा

प्रोलॉग ही संगणकभाषा जन्माला आली तेव्हा एकाच वेळी अनेक कामं चालवण्याचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. १९७२च्या सुमारास मार्सेयमध्ये आलँ कोल्मेरोएर आणि फिलिप रूसेल यांना हवं होतं ते संगणकाशी फ्रेंचमध्ये बोलणं. तर्कशास्त्राची बाजू एडिंबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्कीने भक्कम केली. प्रोग्रॅमरने नियम लिहायचे: हे खरं असेल आणि ते खरं असेल, तर अमुक खरं. पुढचा शोध यंत्राचा. यंत्र एक वाट धरतं, अडलं की मागे फिरतं, दुसरी वाट धरतं. या मागे फिरण्यालाच बॅकट्रॅकिंग म्हणतात आणि प्रोलॉगचा सगळा दिमाख त्यावर उभा होता.

आता नियमात ‘आणि’ आहे म्हटल्यावर त्याच्या दोन्ही बाजू एकदम का चालवू नयेत, हा प्रश्न आपसूकच येतो. ‘किंवा’चं प्रकरण त्या मानाने सोपं, वेगवेगळ्या वाटांवर वेगवेगळे प्रोसेसर सोडता येतात, आणि पुढे ऑरोरासारख्या प्रणालींनी ते केलंही. घोळ ‘आणि’मध्ये आहे. दोन्ही बाजूंत तोच ‘क्ष’ असतो. एकीने त्याला एक किंमत दिली, दुसरीने भलतीच, तर निवाडा कुणी करायचा?

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात कीथ क्लार्क आणि स्टीव्ह ग्रेगरी यांनी १९८१मध्ये या अडचणीलाच कामाला लावलं. त्यांच्या ‘रिलेशनल लँग्वेज’मध्ये सामाईक ‘क्ष’ म्हणजेच दोन प्रक्रियांमधली तार. एक प्रक्रिया तो भरणार, दुसरी भरला जाईपर्यंत थांबणार. वेगळी टपालव्यवस्था नको, कुलपं नकोत.

पण ‘क्ष’ तर एकदाच भरता येतो, मग एका निरोपानंतर तार संपली की! इथली युक्ती सुरेख आहे. ‘क्ष’मध्ये नुसतं ५ न भरता एक यादी भरायची, जिचं पहिलं पद ५ आणि उरलेलं शेपूट रिकामं, नव्या नावाचं, समजा ‘य’. वाचणारी प्रक्रिया ५ उचलते आणि ‘य’पाशी थांबते. लिहिणारी सवडीने ‘य’मध्ये ८ आणि आणखी एक रिकामं शेपूट भरते. यादी कधीच पुरी होत नाही, आणि संवाद चालू राहतो. कोणतीही जागा दोनदा लिहिली जात नाही, त्यामुळे एकाने दुसऱ्याचं लिहिलेलं पुसण्याची भीतीही नाही.

याची किंमत मोजावी लागली, आणि ती थोडकी नव्हती. धाडलेला निरोप परत घेता येत नाही, म्हणून मागे फिरणं बंद. त्याऐवजी संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने १९७५मध्ये मांडलेले पहारेकरी आले: प्रत्येक नियमाच्या तोंडाशी एक अट, आणि ज्याची अट आधी पुरी होईल त्या नियमाला प्रक्रिया कायमची बांधली जाणार. बाकीचे नियम बाद, मग त्यांतल्या एखाद्यात खरं उत्तर असलं तरी. हे तर्काधारित प्रोग्रॅमिंग उरलं का, अशी कुरकुर झाली आणि ती अगदीच वावगी नव्हती. शोध घेणारी भाषा आता कारभार चालवणारी भाषा झाली होती.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या एहूद शापिरोने १९८३मध्ये ‘कन्करंट प्रोलॉग’ आणली. तिच्यात चलापुढे प्रश्नचिन्ह टाकलं की तो चल ‘फक्त वाचण्यासाठी’. क्लार्क-ग्रेगरींच्या पुढच्या ‘पार्लॉग’मध्ये तेच चिन्ह नियमाच्या वर, घोषणेत बसलं. भांडण दिसायला चिन्हाच्या जागेचं, पण खरा वाद हा की कुणी थांबायचं हे कुणी ठरवायचं. अपुऱ्या निरोपाचं तंत्र शापिरोने फार खुलवलं. खातं सांभाळणाऱ्या प्रक्रियेला ‘शिल्लक’ हा निरोप जातो तो रिकाम्या ‘क्ष’सकट, ती ‘क्ष’ भरते आणि विचारणाऱ्याला उत्तर तिथल्या तिथे मिळतं. जुन्या टपालातल्या जोडकार्डासारखं: उत्तराचा कोरा भाग पत्रालाच जोडलेला.

प्रश्नचिन्हाचा गुंता सोडवला जपानने. १९८२मध्ये टोकियोत ‘पाचव्या पिढीचे संगणक’ घडवण्यासाठी आयकॉट ही संस्था उभी राहिली होती. काझुनोरी उएदाने १९८५मध्ये ‘गार्डेड हॉर्न क्लॉजेस’ मांडताना खास चिन्ह काढूनच टाकलं. नियम एकच: अट तपासताना हाक मारणाऱ्याच्या रिकाम्या जागेत काही भरावं लागत असेल, तर थांबा. बस्स. या पायावर केएल-१ ही भाषा झाली, तिच्यात पिमॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली गेली, आणि ५१२ प्रोसेसरांच्या पिम-पीपर्यंत यंत्रं बांधली गेली. यंत्रं चालली. बाजारात मात्र तोवर साधे प्रोसेसरच इतके वेगवान आणि स्वस्त झाले होते की खास यंत्रांना गिऱ्हाईक राहिलं नाही.

सिद्धान्ताच्या अंगाने या सगळ्याची नीट मांडणी केली ती आयआयटी कानपूरहून कार्नेगी मेलनला गेलेल्या विजय सारस्वत यांनी. त्यांच्या १९८९च्या प्रबंधात प्रक्रिया दोनच गोष्टी करतात: सामाईक माहितीत भर घालतात, किंवा एखादी गोष्ट त्या माहितीतून सिद्ध होते का हे विचारतात आणि होईपर्यंत थांबतात.

व्यवहारात टिकला तो दूरचा नातलग. स्वीडनच्या एरिक्सनमध्ये जो आर्मस्ट्राँगने टेलिफोन एक्स्चेंजसाठी एर्लांग या भाषेचा पहिला इंटरप्रिटर लिहिला तो प्रोलॉगमध्येच. वेग वाढावा म्हणून मधे या घराण्यातली ‘स्ट्रँड’ही आजमावून पाहिली, पण तिच्यात झाडून सगळंच समांतर चाले आणि टेलिफोनच्या कामाला ते मानवलं नाही. एर्लांगने सामाईक ‘क्ष’ टाकून दिला आणि प्रत्येक प्रक्रियेला स्वतःची टपालपेटी दिली. उत्तर हवं असेल तर निरोपात आपला पत्ता घालायचा. मात्र चलांची नावं मोठ्या अक्षराने, वाक्याशेवटी पूर्णविराम, आणि एकदा भरलेली जागा पुन्हा न भरणं हे प्रोलॉगचं वळण तिने ठेवलं. व्हॉट्सॲपचे सर्व्हर याच एर्लांगवर उभे राहिले.